भिंगावरचा लेप आणि घरातला जुना कॅमेरा

फिल्मवर छायाचित्रे काढण्याचा छंद अलीकडे पुन्हा तरुणांत दिसू लागला आहे. आपल्या मंडळातील काही सभासद आणि त्यांची मुले मला एकच प्रश्न विचारतात : जुना कॅमेरा घ्यायचा, तर लेप असलेल्या भिंगाचा घ्यावा की बिनलेपाचा? गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्या घरातच उभा राहिला. आमच्या थोरल्या काकांचा, १९३० नंतरच्या दशकातला, जर्मन बनावटीचा घडीचा कॅमेरा कपाटात होता. त्याचे टेसर भिंग बिनलेपाचे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा विकून टाकू आणि एखादे चांगले कोटेड भिंग घेऊ." मी थोडा अवधी मागून घेतला. हा लेख त्या अवधीत केलेल्या विचाराचे फलित आहे.

प्रथम शास्त्र पाहू. हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत शिरताना प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो. टेसरमध्ये हवेला लागून असे ६ पृष्ठभाग आहेत. म्हणजे १०० पैकी जेमतेम ७८ भाग प्रकाश पलीकडे पोचतो. एवढे नुकसान थोड्या अधिक एक्स्पोजरने भरून निघते. खरा उपद्रव त्या परावर्तित प्रकाशातील जो भाग भिंगांच्या आतच इकडून तिकडे आपटत अखेर फिल्मवर धुक्यासारखा पसरतो, त्याचा असतो. त्याने सावल्या करड्या होतात आणि रंग फिके पडतात.

यावरचा उपाय अपघाताने सुचला. इंग्लंडमधील डेनिस टेलर यांना १८९० नंतरच्या दशकात असे आढळले की, वर्षानुवर्षे हवेत राहून निळसर झाकोळलेली काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश आत सोडते. पुढे १९३५ मध्ये झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात जागेत काचेवर अत्यंत पातळ लेप चढविण्याची पद्धती सिद्ध केली. लेपाची जाडी प्रकाशलहरीच्या एक चतुर्थांश, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी. लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि परावर्तन दीड टक्क्याच्या आसपास येते. आपल्या चष्म्यांवर आज जो लेप असतो, त्यामागचे तत्त्व हेच.

मग बिनलेपाचे भिंग टाकाऊ ठरते काय? इंदूरकराने तरी असे म्हणू नये. राजा दीनदयाळ इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असताना, १८७० नंतरच्या दशकात छायाचित्रणाकडे वळले. दुसऱ्या तुकोजीरावांचा आश्रय त्यांना लाभला. त्यांचे १९०५ मध्ये निधन झाले, तेव्हा लेपाचा शोध लागायला तीस वर्षे अवकाश होता. यशवंतराव होळकर आणि संयोगितादेवी यांची मान रे यांनी १९३० च्या सुमारास काढलेली प्रसिद्ध छायाचित्रेही लेपापूर्वीच्याच काळातली. या मंडळींना आपल्या साधनाची मर्यादा ठाऊक होती आणि प्रकाश कोठून घ्यावा, हेही.

मी स्वतः एक साधी परीक्षा घेतली. मजजवळ १९५० नंतरचा एक रोलिकॉर्ड आहे. त्याचे झेनार भिंग टेसरच्याच घडणीचे, परंतु लेपाचे. दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच जातीची कृष्णधवल फिल्म घातली. सायंकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या सूर्य समोर ठेवून टिपल्या. रोलिकॉर्डने दगडावरील कोरीव काम स्वच्छ दिले, काकांच्या कॅमेऱ्याने पांढुरके धुके दिले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी जुन्या इंदुरातल्या एका बोळात, सूर्य पाठीशी ठेवून आणि हूड लावून तोच प्रयोग केला. या वेळी फरक शोधावा लागला. उलट ओसरीच्या गडद सावलीतला तपशील बिनलेपाच्या भिंगाने किंचित अधिक राखला होता, कारण तेच पसरलेले धुके सावलीतील फिल्मला हलकेच जागे करते. आणि खिडकीच्या उजेडात काढलेले आईचे छायाचित्र, तिच्या नव्वदीतल्या सुरकुत्यांसह, काकांच्या भिंगाने ज्या मऊपणे दिले ते रोलिकॉर्डला साधले नाही.

म्हणून माझे मत असे. नवशिक्याला एकच जुने भिंग विकत घ्यायचे असेल, तर त्याने १९५० नंतरचे लेपाचे भिंग घ्यावे. रंगीत फिल्म वापरायची असेल तर निश्चितच. पण वारशाने आलेले बिनलेपाचे भिंग केवळ त्या कारणासाठी विकू नये. कृष्णधवल फिल्म, हूड आणि पाठीशी सूर्य एवढे पथ्य पाळले की ते उत्तम सेवा देते.

तिसरी गोष्ट या दोहोंहून महत्त्वाची आहे. लेप असो वा नसो, भिंग निरोगी हवे. आपण रुग्णाच्या घशात टॉर्च टाकतो, तसा भिंगाच्या मागून टाकून पाहावा. पावसाळ्यात बंद चामडी पेटीत वाढलेली बुरशी जाळ्यासारखी दिसते, आणि तिने काच खाल्ली असेल तर कोणताही लेप तारत नाही. दिव्याचे प्रतिबिंब निळे-जांभळे दिसले तर लेप आहे, पांढरे दिसले तर नाही. त्या काळचे पुष्कळ लेप नाजूक असतात. मी एकदा दवाखान्यातल्या सवयीने गॉज आणि स्पिरिट घेऊन एक भिंग घासले आणि त्यावर कायमचे ओरखडे ओढले. दोष सर्वस्वी माझा. जुन्या काचेवरील निळसर झाक मळ समजून पॉलिश करवून घेणे हीदेखील तशीच चूक. टेलर यांनी ज्या झाकेचा गुण ओळखला, ती हीच.

काकांचा कॅमेरा विकला नाही. चिरंजिवांना रोलिकॉर्ड दिला आणि तो मी ठेवला. आईचे ते छायाचित्र शेवटचे ठरले. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. या दिवाळीच्या आवराआवरीत ती भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडावी, भिंगातून उजेड पाहावा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला खिडकीपाशी बसवावे, एवढीच विनंती.