नवे बाथरूम, बुजवलेला झरोका

घराचे काम काढले की सर्वांत जास्त चर्चा बाथरूमवर होते. टाइल्स कोणत्या, कमोड भिंतीवरचा की जमिनीवरचा, वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची. या सगळ्यात एक गोष्ट मात्र न बोलताच ठरून जाते. वरची, काचेच्या तिरप्या पट्ट्यांची जुनी खिडकी काढून टाकायची. तिच्यातून धूळ येते, कबुतरे येतात, शिवाय ती कळकट दिसते. मग तिथे अखंड काच बसते किंवा फॉल्स सीलिंगमागे ती कायमची झाकली जाते. दारही नवे येते, पाण्याने न फुगणारे, चौकटीत घट्ट बसणारे. गॅस गीझर तेवढा होता त्याच भिंतीवर पुन्हा टांगला जातो.

घरकामातल्या बहुतेक चुका पैशाने निस्तरता येतात. उतार चुकला तर फरशी उखडून पुन्हा घालता येते. ही चूक जिवावर बेतते, म्हणून स्पष्टच लिहितो: ज्या खोलीत आंघोळ करायची, त्या खोलीत गॅस गीझर नकोच.

थोडा हिशेब मांडू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला १० किलोवॅटहून थोडी जास्त उष्णता लागते. म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे तीन-चार मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखेच. असा गीझर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो आणि तेवढ्या गॅसला पुरते जळण्यासाठी १२-१३ घनमीटर हवा लागते. चार बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम सहा घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर खोलीतला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. घरात दोघे-तिघे पाठोपाठ आंघोळीला गेले, तर धोका शेवटच्या माणसाला सर्वाधिक.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. पण ‘गरम पाण्याने चक्कर आली असेल’ असे वाटेपर्यंत कडीकडे हात नेण्याचे त्राण उरत नाही. गरोदर बायका आणि लहान मुले यांना तो अधिक बाधतो. आंघोळ करताना झटका आला म्हणून फेफऱ्याचे निदान झालेल्या काही रुग्णांत खरे कारण गीझर असल्याचे आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो. त्याला दोन्ही वायूंनी भरलेले हिमोग्लोबिन जवळपास सारखेच दिसते, त्यामुळे आकडा ९८ दिसू शकतो आणि माणूस आतून गुदमरलेला असतो.

अशा मृत्यूची बातमी आली की आम्ही वर्तमानपत्रवाले ‘गीझरमधून गॅसगळती’ असे छापून मोकळे होतो. यातून मोठा गैरसमज पसरतो. एलपीजीत मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, त्यामुळे गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. ‘वास आला नाही, म्हणजे सगळे ठीक’ हे समीकरण इथे साफ चुकते. नळी नवी, रेग्युलेटर नवा, गळती शून्य, तरीही अपघात होऊ शकतो.

‘एक्झॉस्ट फॅन लावून देतो, साहेब’ हे कंत्राटदाराचे ठरलेले उत्तर. बाहेरून ताजी हवा आत यायला वाटच नसेल, तर पंखा ओढणार काय? धुराडे असलेल्या गीझरचा धूर तो उलट खोलीत खेचू शकतो. गीझर ड्राय बाल्कनीत हलवणे चांगले, पण नंतर त्याच बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या लावून कपाटे केली, तर चूक फक्त चार फूट सरकली. जागा खरोखर उघडी हवी. ते जमत नसेल तर विजेचा गीझर घ्यावा. बिल थोडे वाढेल, वाढू द्या.

काम होईपर्यंत काय करायचे? दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा आणि मगच कडी लावावी. ज्योत पिवळी दिसली किंवा आजूबाजूला काजळी धरली, तर वापर थांबवून दुरुस्तीवाल्याला बोलवावे. निळी ज्योत मात्र हमी नव्हे. कुणी आत बेशुद्ध पडले, तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य आवर्जून सांगावे, कारण त्यावर पुढची रक्ततपासणी आणि शुद्ध ऑक्सिजनचा उपचार ठरतो.

नूतनीकरणाला परवानगी देताना सोसायट्या अनामत घेतात, राबिटाचे ट्रक मोजतात, दुपारी दोन ते चार ड्रिल बंद ठेवायला लावतात. त्याच अर्जावर आणखी दोन ओळी छापायला फारसा खर्च येणार नाही: गीझर कोणता, आणि बाथरूमची खिडकी उघडणारी राहणार का?