लष्कराच्या भाकऱ्या घरच्याच पिठाच्या

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, ही म्हण मराठवाड्यात रोज कुणाला तरी ऐकवली जाते. दुसऱ्याच्या कामात जो आपला वेळ आणि जीव घालतो, त्याला शहाणपण शिकवायला ती फार सोयीची आहे. लातूरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या घरात डॉक्टर झालेल्या मुलीने अथवा नर्स असलेल्या सुनेने 'मी काही महिने युद्धग्रस्त भागात जखमींची सेवा करायला जाते' असं म्हटलं, की पहिला वार याच म्हणीचा होतो. आई म्हणते, सासरे म्हणतात, शेजारच्या काकूही म्हणतात. म्हणीला उलट उत्तर देण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून विषय तिथेच मिटतो. हा लेख त्या मिटलेल्या विषयासाठी आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. तो मांडणारी माणसं वाईट नाहीत, लेकरांच्या काळजीपोटीच ती बोलतात. त्यांचे आक्षेप तीन. पहिला, युद्ध लांबचं आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? दुसरा, ज्याला बायको-मुलं आहेत त्याने, आणि विशेषतः जी आई आहे तिने, असं काम पत्करणं हा घरावर अन्याय आहे. तिसरा आक्षेप सेवेचं कौतुक करणाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, सेवा एवढी मोठी वाटत असेल तर लग्नच करू नये. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर आपल्या जिल्ह्यांच्या मातीतच आहे. १९४७-४८ साली निजामाच्या राज्यातल्या रझाकारांच्या भीतीने नांदेडकडची कुटुंबं बैलगाड्या जुंपून उमरखेडच्या बाजूला सरकत होती, लातूर-उस्मानाबादकडची बार्शी-सोलापूरच्या आश्रयाला जात होती. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरातच वकिली करणारा माणूस होता. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आलं, निजामाने शरणागती पत्करली आणि आपण १७ सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा करू लागलो. तो आनंद खरा आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत याच भागात मुस्लिम वस्त्यांवर जे गुदरलं तेही खरं आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांचीच नावं नोंदवली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. दोन्ही वेळी जखमी आपलेच होते, विस्थापित आपलेच होते आणि पाणी पाजणाऱ्या हातांची वाट पाहणारेही आपलेच होते. ज्यांच्या आजी-आजोबांनी हे भोगलं त्यांनी युद्धाला लांबचं म्हणू नये.

नांदेडला तर जखमींच्या सेवेची शिकवण गोदावरीच्या काठावरच आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथे देह ठेवला. त्यांच्या आनंदपूरच्या लढायांतली एक कथा शीख परंपरा आजही सांगते. भाई कन्हैया रणांगणावर आपल्या आणि शत्रूच्या जखमींना सारखंच पाणी पाजत होते. तक्रार गुरूंपर्यंत गेली. भाई म्हणाले, मला जखमींत वैरी दिसत नाही. गुरूंनी त्यांना शिक्षा केली नाही, वर मलमपट्टीचं साहित्य दिलं. पुढे दीडशे वर्षांनी, जून १८५९ मध्ये, इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आंरी द्युनां या स्विस माणसाने असेच पडलेले जखमी पाहिले आणि त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची सुरुवात झाली. पण द्युनांच्या आधी आणि त्याच्यासोबत त्या जखमींना उचलणारे हात कुणाचे होते? शेजारच्या कास्तिल्योने गावच्या बायांचे. चर्चमध्ये आणून टाकलेल्या सैनिकांच्या गणवेशाचा रंग न पाहता त्यांनी जखमा धुतल्या, पाणी दिलं. म्हणजे ज्या सेवेला आपण आज घराबाहेरचं काम समजतो, तिची पहिली पायरी घर चालवणाऱ्या बायकांनी बांधली आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण त्यात लेकरं आहेत. युद्धसेवा म्हणजे परदेशी विमानात बसून जाणारी माणसं, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. वस्तुस्थिती वेगळी आहे. जगभरात मदतकार्य करताना जे मारले जातात त्यांतले बहुसंख्य त्या-त्या देशातलेच असतात. गाझामधला डॉक्टर, सुदानमधली सुईण, युक्रेनमधला रुग्णवाहिकेचा चालक. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळून संध्याकाळी स्वतःच्या लेकरांकडे जाणारी ही माणसं आहेत. त्यांना कुणी 'संसार की सेवा' असा पर्याय विचारलेला नाही. युद्धातली सेवा मुळात संसारी माणसांच्याच खांद्यावर उभी आहे. तेव्हा संसारी माणसाने हे काम करू नये असा नियम केला, तर जखमींजवळ कुणीही उरणार नाही.

आणि आईचाच उल्लेख वेगळा का होतो? सीमेवर तैनात असलेल्या जवानाला दोन मुलं आहेत म्हणून त्याचं गाव त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या घरी पुरणपोळी पोचवतं. तीच दोन मुलं असलेल्या नर्सला मात्र 'लेकरांचं काय?' असं विचारलं जातं. हा भेद आपल्या मनापुरता राहिलेला नाही, नियमांतही उतरला होता. आपल्या लष्कराच्या परिचारिका सेवेत लग्न हे नोकरीतून काढण्याचं कारण ठरवणारा आदेश होता. १९८८ मध्ये एका अधिकारी परिचारिकेला लग्न केलं म्हणून सेवामुक्त केलं गेलं. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला, पण तिची लढाई चालूच राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा उघड लिंगभेद आहे असं सांगून तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षं लागली. जी गोष्ट न्यायालयाने बेकायदा ठरवली, ती आपण जेवणाच्या ताटावर बसून आपल्या लेकी-सुनांना पुन्हा ऐकवू नये.

आता तिसरा आक्षेप. त्यागाची भाषा फार सुंदर असते, म्हणूनच ती जपून ऐकावी लागते. या भाषेचा सर्वांत मोठा दाखला म्हणून सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतलं जातं. सोलापूर लातूरपासून सव्वाशे किलोमीटरही नाही, तेव्हा कोटणीस आपले शेजारीच. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस होते. चीनमध्ये असताना कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली, तरी ते थांबले. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी तिथेच परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव इनहुआ. इन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

इथे थोडं थांबून पाहायला हवं. ज्याला आपण सर्वस्वत्यागी म्हणतो, त्याने युद्धाच्या ऐन धुमाळीत लग्न केलं, बाळाचं नाव ठेवलं आणि त्याच वेळी रुग्णालयही चालवलं. एका म्यानात दोन तलवारी राहिल्या. त्यांचं लग्न त्यांच्या सेवेच्या आड आलं नाही. ते त्या सेवेतच जुळलं होतं.

कोटणीसांच्या कथेत आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पाच गेले, चार परत आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं ते न परतलेल्या एकावर, आणि शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट काढला तोही त्याच्यावर. ते योग्यच होतं. पण त्यामुळे आपल्या मनात एक चुकीचं समीकरण बसलं, की जो परत येत नाही त्याचीच सेवा खरी. चोळकर परत आले म्हणून त्यांनी बांधलेली एकही जखम कमी बांधली गेली का? परत येणं हाही सेवेचाच भाग आहे. जो परत येतो तो पुन्हा जाऊ शकतो, दुसऱ्याला शिकवू शकतो आणि आपल्या मुलांना वाढवू शकतो.

संन्यासाचा आदर मला मनापासून आहे. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते आणि नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे हे आपलं भाग्य. पण स्वामीजींचा लढा कशावर चालला ते आठवा. पहाटेच्या अंधारात चुलीपुढे बसलेली बाई डोळ्यांपुढे आणा. काठवटीत ज्वारीचं पीठ, ऊन पाणी, तळहाताने मळणं, उंडा करून थापणं. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग तवा सारून आरावर फुगवायची. पहिल्या चार घरच्यांसाठी. पुढच्या दहा फडक्यात बांधून रानात लपलेल्या पोरांसाठी. पीठ एकच, तवा एकच, हात तेच. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात लष्कराच्या भाकऱ्या खरोखरच भाजल्या गेल्या आणि त्या संसारी बायकांनी भाजल्या. ज्या म्हणीने आपण लेकींना गप्प करतो, ती आपल्याच आज्यांच्या कष्टाची टिंगल करते.

खंडन इथे संपलं. पण एवढ्यावर थांबणं अप्रामाणिक होईल, कारण किंमत खरी आहे. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याच्या झटक्यांनी गेले. वय ३२, मूल साडेतीन महिन्यांचं. क्वो छिंगलान यांनी मुलाला वाढवलं. तोही डॉक्टरकीचं शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. त्या स्वतः २०१२ पर्यंत जगल्या आणि भारतातल्या सासरच्या माणसांना भेटायला येत राहिल्या. त्या बाईच्या सत्तर वर्षांचा हिशोब कुठल्याही पुतळ्यात मावत नाही. म्हणून 'जा, देव पाठीशी आहे' एवढं म्हणून पाठवणी करणं मला मान्य नाही. घराला धरून सेवा करायची असेल, तर ती बांधणीने करावी लागेल.

ती बांधणी अशी. एक, मुदत. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'सारख्या संस्था शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञांना काही आठवड्यांसाठीही बोलावतात; बाकीच्यांची मुदत महिन्यांची असते. जाण्याची तारीख ठरते तशी परतण्याचीही घरात ठरली पाहिजे. दोन, विश्रांतीची सक्ती. संयुक्त राष्ट्रांच्या अतिकठीण ठिकाणी काम करणाऱ्यांना ठराविक आठवड्यांनी बाहेर पडून सुट्टी घ्यावी लागते, कारण थकलेला डॉक्टर रुग्णाला आणि स्वतःलाही धोका असतो. तीन, मागे राहिलेल्यांची नोंद. विमा, पगार घरी पोचण्याची व्यवस्था, वाईट बातमी कोण आणि कशी कळवणार याचा करार, हे सगळं निघण्याआधी कागदावर हवं. चार, गोतावळा. मुलांना शाळेत सोडायला आजोबा, रात्री सोबतीला मावशी, तापात धावून येणारा दीर. एकत्र कुटुंबाचा आपल्याला एवढा अभिमान आहे, तर तो अशाच वेळी कामाला यायला हवा.

हे शक्य आहे, याचा पुरावा आपल्या गावातच आहे. १९६६ मध्ये लातुरात विवेकानंद रुग्णालय उभं राहिलं ते डॉ. अशोक आणि डॉ. ज्योत्स्ना कुकडे यांच्यासारख्या संसारी डॉक्टरांच्या बळावर. कमाईच्या शहरांकडे पाठ फिरवून त्यांनी इथे घर केलं आणि त्या घरातूनच काम केलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा ढिगारे उपसणारे, टाके घालणारे, गावोगावी भाकऱ्या गोळा करणारे संसारी लोकच होते. त्या दिवशी त्यांना कुणी म्हण ऐकवली नाही.

दरवर्षी हजारो मुलंमुली डॉक्टर व्हायला लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत येतात. त्यांतली एखादी उद्या पासपोर्ट घेऊन तुमच्यापुढे उभी राहील. तिला 'का जातेस?' असं विचारू नका. 'कधी येशील, आणि तोवर इकडचं कोणकोण काय बघायचं?' एवढं विचारा आणि उत्तर तिच्याबरोबर बसून लिहून काढा. तिच्या लेकराच्या डब्यातली भाकरी आणि तिकडच्या जखमीच्या हातातली भाकरी एकाच तव्यावरची आहे. तो तवा तापता ठेवणं हे मागे राहिलेल्या आपल्या सगळ्यांचं काम आहे.