कोणते दादासाहेब?

गेल्या वर्षी एका सामान्यज्ञान स्पर्धेत प्रश्न आला होता : 'नाशिक जिल्ह्यात जन्मलेले दादासाहेब कोण?' मी बेधडक लिहिले, 'गायकवाड.' उत्तर चूक ठरले. हवे होते 'फाळके.' परीक्षकांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "अगं, दादासाहेब म्हटले की कोण आठवतात?"

आमच्या घरात जे आठवतात तेच मी लिहिले होते. आम्ही दिंडोरी तालुक्यातले. कॉलेजची पायरी चढलेली घरात मी पहिलीच. १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, त्यात माझे आजोबा तुरुंगात गेले होते. 'दादासायबांनी सांगितलं, आम्ही गेलो,' एवढीच त्यांची हकिकत. आडनाव लावायची त्यांना कधी गरज पडली नाही. सिनेमाचेही कुणी दादासाहेब आहेत, हे मला शाळेत गेल्यावर कळले!

आता गंमत पाहा. धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि भाऊराव कृष्णाजी गायकवाड १९०२ साली दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी. दोघांची गावे नाशिक जिल्ह्यातलीच. म्हणजे माझे उत्तर चूक नव्हते, प्रश्नच अर्धा होता.

'दादासाहेब' हे बारशाचे नाव नव्हे. लोक ते बहाल करतात आणि मग खरे नाव मागे पडते. यातला 'साहेब' आपल्याकडे आला अरबीतून. तिथे 'साहिब' म्हणजे मूळ अर्थाने सोबती. आपण त्याला खुर्चीवर बसवले. (तलाठ्यालाही आपण साहेबच म्हणतो, तिथे सोबतीचा काय संबंध?) असे दादासाहेब महाराष्ट्रात पुष्कळ झाले. लोकसभेचे पहिले सभापती मावळंकर दादासाहेब, टिळकांचे सहकारी अमरावतीचे खापर्डे दादासाहेब. खुद्द सिनेमातही दोन आहेत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मे १९१३ मध्ये लागला, पण त्याआधी एक वर्ष, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' मुंबईच्या त्याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला होता. ते नाटकाचेच चित्रण होते म्हणून पहिला मान फाळक्यांना देतात. तो वाद जाणकारांचा.

फाळक्यांविषयी माझी तक्रार नाही. बायकोचे दागिने गहाण टाकून सिनेमा काढणारा माणूस मोठाच. त्या सरस्वतीबाई फिल्म धूत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधीत. त्यांना मात्र कुणी 'साहेब' लावले नाही, हेही जाता जाता लिहून ठेवते.

माझे म्हणणे इतकेच की, ज्याचे नाव आडनावाशिवाय चालते तो सर्वांचा, आणि ज्याला आडनाव लावावे लागते तो एका वस्तीचा, अशी वाटणी आपण नकळत करतो. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व होते, पण नाशकात राहून रोजचा गाडा ओढला तो गायकवाडांनी. १९५७ साली हेच गृहस्थ नाशिकमधून लोकसभेवर गेले, १९६८ साली 'पद्मश्री' झाले. शासनाने भूमिहीनांना जमीन देण्याच्या योजनेला त्यांचे नाव दिले, चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. एवढे असूनही माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना गायकवाड म्हणजे एका सभागृहाचे नाव वाटते! तिथे लग्ने लागतात, पाहुणे जेवून येतात, पाटी कोण वाचतो?

एक मैत्रीण म्हणाली, "फाळक्यांना जग ओळखते, त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे." असेल. पण जगाने ओळखावे ही अट काळारामापुढे दगड खाणाऱ्यांना लावायची का? आणि प्रश्न जगाविषयी नव्हता, नाशिक जिल्ह्याविषयी होता.

प्राध्यापकांना विनंती की, प्रश्न काढताना आडनाव लिहावे, किंवा दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत. यंदाही मी स्पर्धेत नाव दिले आहे. तोच प्रश्न आला तर दोन्ही नावे लिहीन, जन्मगावांसकट. उत्तराला एकच ओळ असली तर समासात लिहीन.