पुन्हा कॅट द्यायची का?

निकाल लागला की पहिला प्रश्न, "टोटल किती?" पण कॅटची खरी मेख वेगळीच आहे. तीन विभाग, प्रत्येकी 40 मिनिटं, आणि बहुतेक आयआयएम प्रत्येक विभागासाठी किमान पर्सेंटाइलची अट लावतात. गणितात 97 आणि इंग्रजीत 58 पडले, तर गणिताचे जास्तीचे इंग्रजीला उसने देता येत नाहीत.

सिल्वासात घरी मराठी, बाजारात गुजराती, मित्रांत हिंदी. इंग्रजी राहते ती पुस्तकापुरती. म्हणजे कमी पडते ती अक्कल नाही, सवय. आणि सवय महिनाभराच्या क्रॅश कोर्सने लागत नाही. रोज तासभर वाचावंच लागतं.

म्हणून माझं मत असं : हव्या त्या कॉलेजच्या अटी आधी बघा. कुठलाच विभाग आडवा येत नसेल, तर शेजाऱ्याच्या आकड्यासाठी पुन्हा बसू नका. येत असेल तर जरूर बसा, पण हातची नोकरी किंवा एम.कॉम. सोडून नाही. परीक्षा दरवर्षी होते. फक्त एक लक्षात ठेवा, पुन्हा बसलात की तिन्ही विभाग नव्याने द्यावे लागतात. इंग्रजीच्या नादात गणित गंजू देऊ नका!