पाळी जाते, पायरी येते

पाश्चात्त्य वैद्यकात चाळिशी-पन्नाशीतल्या बदलांच्या काळाला ‘क्लायमॅक्टेरिक’ म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ शिडीची पायरी. आयुष्यातील दर सातवे वर्ष धोक्याची पायरी असते, असे प्राचीन काळी मानत. सात नवे त्रेसष्ट ही त्यातली सर्वात अवघड. ती ओलांडल्याचा आनंद रोमन सम्राट ऑगस्टस याने आपल्या नातवाला पत्रातून कळवला होता. आपल्याकडेही संस्कृत कोशांत ७७व्या वर्षातील सातव्या महिन्याच्या सातव्या रात्रीला ‘भीमरथी’ म्हणून धोक्याची मानले आहे. साठीशांत आणि सहस्रचंद्रदर्शन हे सोहळेही अशा टप्प्यांचेच.

सातांच्या या हिशेबाला शास्त्राचा आधार नाही. पायरीची कल्पना मात्र उपयोगाची आहे. ‘मेनोपॉज’ हा शब्द १८२१ मध्ये गार्दान या फ्रेंच डॉक्टरने रूढ केला. त्याचा अर्थ मासिक पाळी थांबणे. मराठीतला ‘रजोनिवृत्ती’ही तेच सांगतो. हे दोन्ही शब्द शेवटाचे आहेत. प्रत्यक्षात बीजकोशांचे काम मंदावू लागल्यापासून पुढची काही वर्षे शरीर बदलत असते. सलग बारा महिने पाळी आली नाही, की मगच ती गेली असे म्हणता येते. तोवर दिवस राहण्याची शक्यताही उरते.

वसई-दिवा रेल्वेमार्गावरील खारबावसारख्या गावात यातले कोणतेच शब्द कानावर पडत नाहीत. तिथे नुसते ‘पाळी गेली’ किंवा ‘जायचे दिवस आहेत’ म्हणतात. बोलणे सोपे आणि नेमके आहे. अडचण एवढीच, की ‘जायचे दिवस’ म्हटले की सगळेच त्यात खपून जाते. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम, मोडलेली झोप, चिडचिड हे या काळात होते आणि त्यावर उपचारही आहेत. पण पंधरा दिवसांनी येणारी किंवा गाठी पडून आठ-दहा दिवस चालणारी पाळी ‘जाताना असंच असतं’ म्हणून सोसायची नसते. त्यातून रक्त कमी होते, भाताच्या लावणीत धाप लागते आणि दोष वयाला दिला जातो.

त्याहून गंभीर म्हणजे पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसलेला लाल डाग. तो एकदाच दिसला, दुखले नाही, तरी तपासणी हवीच. बहुतेकींमध्ये कारण साधे निघते. काहींमध्ये मात्र तो गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो आणि तेव्हाच सापडला तर बरा होण्याची शक्यता मोठी असते. ‘पाळी परत आली’ असे समजून थांबण्यात हीच वेळ निघून जाते.

दुसरे टोकही टाळायला हवे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो महिलांची गर्भाशये काढल्याचे २०१९ मध्ये समोर आले. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याची पायरी एका दिवसात येते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. तपासणीआधी शस्त्रक्रिया नको.

आशा कार्यकर्ती ३० वर्षांवरील प्रत्येकासाठी जी माहितीपत्रिका भरते, तिच्यात पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचा प्रश्न आहे. तो ओट्यावर, सासरे-मुलगे बसलेले असताना विचारला, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. तो बाजूला घेऊन, घरच्या भाषेत विचारला पाहिजे: ‘पाळी गेल्यावर परत कधी अंगावरून लाल गेलं का?’ उत्तर ‘हो’ आले, तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून भिवंडीच्या उपजिल्हा रुग्णालयात पोहोचवणे हे पुढचे काम. पायरी चढणाऱ्या बाईला एवढा हात मिळायलाच हवा.