बँकेचं साचाखातं

गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर माझा फोटो आणि खाली दोन शब्द : टेक्नॉलॉजी अप्रेंटिस. आईनं पहिल्या रात्री ते कार्ड बाबासाहेबांच्या फोटोला अडकवून ठेवलं. सकाळी गळ्यात घालून निघालो तेव्हा गल्लीतली पोरं म्हणाली, गेला साला, काचेच्या बिल्डिंगीतला झाला. मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

आज मी बापाच्याच गोदीत आहे. इंदिरा डॉकात कंत्राटदाराच्या टोळीत स्टीलच्या कॉइलीखाली लाकडं लावतो. मधल्या एका वर्षाचा जाब मला मागायचाय.

मी मॅट्रिक. मॅट्रिकवर सरकारी आयटीआयमधून कोपा केला. कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. नावात प्रोग्रॅमिंग आहे, ध्यानात ठेवा. अभ्यासक्रमात डेटाबेस आहे, एचटीएमएल आहे, जावास्क्रिप्ट आहे. त्या सर्टिफिकेटवर एका मोठ्या बँकेच्या टेक्नॉलॉजी सेंटरात वर्षभर अप्रेंटिस होतो. बँकेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्या एकीला शिव्या द्याल आणि बाकीच्या सगळ्या सोवळ्या होऊन सुटतील.

काय शिकवलं? खातं उघडायचे जुने फॉर्म खोक्यांतून काढायचे, टाचण्या उपटायच्या, स्कॅन करायचे, परत खोक्यात भरायचे, खोक्यावर बारकोडचं स्टिकर लावायचं आणि खोकं डोक्यावर घेऊन तळघरात टाकायचं. बंद पडलेले मॉनिटर चौथ्या मजल्यावरून खाली, नवे मॉनिटर खालून चौथ्या मजल्यावर. प्रिंटरची शाई. साहेबाचा माऊस. कुणाचा कीबोर्ड अडला की तिकीट यायचं, ते मी सोडवायचो आणि रजिस्टरात नाव लागायचं दुसऱ्याचं. बारा महिन्यांत माझ्या टाचांना भेगा पडल्या, त्याला जर टेक्नॉलॉजी म्हणत असतील तर आमच्या गोदीत पिढ्यान् पिढ्या सगळे शास्त्रज्ञच झाले.

आणि एक काचेचं दार होतं. आत थंडगार हवा, सर्व्हर, पडद्यांवर हिरव्या ओळी, आणि कोड लिहिणारी माणसं. कार्ड लावलं की दार उघडायचं. माझं लावलं की लाल दिवा. तिसऱ्या महिन्यात सुपरवायझरला विचारलं, सर, आम्हाला आत कधी? तो हसला. म्हणाला, पूर्ण नाव काय तुझं? नाव सांगितलं. गाव विचारलं. गाव सांगितलं. मग म्हणाला, आधी बाहेरचं नीट शीक. नाव आणि गाव विचारल्याशिवाय ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाला काय म्हणतात ते आपल्याला शिकवायला कुठली आयटीआय लागत नाही.

दोस्तांनो, हे दार आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण काय? धोट्यात सूत ओढायला तोंड लावावं लागायचं, आणि आपली थुंकी लागलेलं सूत सवर्ण विणकऱ्याला चालत नव्हतं. पगार चांगला तिथंच, म्हणून विटाळही तिथंच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्यावाल्यांना ठणकावलं, की हाही अन्याय तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमची माणसं तुमच्या संपात राहणार नाहीत. तेव्हा कुठं नाकं मुरडत घातला. आता थुंकीचा प्रश्न उरलेला नाही. आता ॲक्सेस म्हणतात. सिक्युरिटी पॉलिसी म्हणतात. शब्द इंग्रजी झाला की विटाळ धुऊन निघतो, अशी या लोकांची समजूत आहे.

कुणी पांढरपेशा म्हणेल, सर्व्हरच्या खोलीत शिकाऊ पोराला कसं सोडणार? लोकांचा पैसा आहे. बरोबर आहे. मग खरी यंत्रणा दाखवू नका, सरावाची द्या. दाराबाहेर बसवून शिकवा. पण माझ्यासोबत त्याच महिन्यात आलेली इंजिनिअरिंगची पोरं पंधराव्या दिवशी आत होती, तीही शिकाऊच होती. त्यांना नाव-गाव विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता कायदा बघा. १९६१ चा अप्रेंटिस कायदा. अठरावं कलम म्हणतं, अप्रेंटिस हा शिकणारा आहे, कामगार नाही, कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. सोळावं कलम म्हणतं, कामावर इजा झाली तर भरपाई मात्र कामगारासारखी. म्हणजे हात तुटला तर तो कामगाराचा, शाबूत राहिला तर विद्यार्थ्याचा! २०२० साली औद्योगिक संबंध संहिता संमत झाली. तिच्यात कामगाराची व्याख्या करताना कंस टाकलाय : अप्रेंटिस सोडून. गावकुसाबाहेरून आलेल्या पोरांना हे नवं कूस. बँकेतल्या युनियनवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, तू सभासद होऊ शकत नाहीस. १९८३ साली बँक युनियननी संगणकाबद्दल मालकांच्या संघाशी करार केला होता, मशीन किती आणि कशी येणार ते टेबलावर बसून ठरवलं होतं. त्या टेबलाला आमची खुर्ची नाही.

याच कायद्यात १९७३ साली ३-अ कलम आलं. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवायच्या. जागा प्रशिक्षणाच्या. नोकरीच्या नव्हेत. बाविसाव्या कलमात पूर्वी सरळ लिहिलं होतं, की शिकून झाल्यावर नोकरी देण्याचं मालकावर बंधन नाही. २०१४ साली दुरुस्ती झाली, आता मालकानं भरतीचं आपलं आपण धोरण ठरवायचं. लांडग्यालाच विचारलं, शेळ्यांबद्दल तुझं धोरण काय! १९९५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं, बाकी सगळं सारखं असेल तर थेट भरतीवाल्यापेक्षा शिकाऊ उमेदवाराला आधी घ्या. पण सारखं ठेवतंय कोण? बँकेत लिपिकाच्या परीक्षेला बसायलाच पदवी लागते. मी त्यांच्याच सेंटरात वर्षभर राबलो, ट्रेड टेस्ट पास झालो, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, आणि त्या प्रमाणपत्रावर त्यांच्याच लिपिकाच्या फॉर्मला हात लावता येत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. विद्यावेतन म्हणतात त्याला. विद्या दिली नाही आणि वेतन म्हटलं की कामगार ठरतो, म्हणून दोन शब्द जोडून दोन्ही बुडवले. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान ७००० रुपये. मला तेवढेच मिळाले, वर एक छदाम नाही. २०१६ च्या योजनेत त्यातला चौथा हिस्सा, १५०० पर्यंत, सरकार भरतं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेतलेच पाहिजेत असाही नियम आहे. चांगला आहे. पण दरवर्षी नवे, दरवर्षी शिकाऊ, दरवर्षी बाहेर. मी रुजू झालो त्या दिवशी संगणकात माझ्या नावापुढं जायची तारीख भरलेली होती. गावात महाराला वतन होतं, रात्री-अपरात्री सांगावा घेऊन पळायचं आणि वाट्याला भाकरीचे तुकडे. ते वतन कायद्यानं १९५८ साली गेलं. मला आपलं ते राहून राहून आठवायचं, तळघरात खोकी रचताना.

आणि आपले साहेब! सहाव्या मजल्यावर आपले एक अधिकारी होते. चौदा एप्रिलला बँकेच्या हॉलमध्ये हार, भाषण, रुपयाच्या प्रश्नावरचं बाबासाहेबांचं १९२३ चं पुस्तक टेबलावर उभं करून ठेवलेलं. नंतर मी भेटलो. दार, लाल दिवा, सगळं सांगितलं. त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि म्हणाले, बेटा, वर्ष काढ, वाद घालू नकोस, माझं प्रमोशन आहे. त्यांच्या केबिनमधला फोटो आमच्या खोलीतल्या फोटोपेक्षा मोठा होता. शिकलेल्यांनी दगा दिला हे दुःख बाबासाहेब १९५६ साली आग्र्याला बोलून गेले. साहेबांना ते पाठ असणार.

काहीच शिकलो नाही असं मात्र म्हणणार नाही. एक कंत्राटी इंजिनिअर पोरगा होता, आपल्यातला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याला मला आत नेता येत नव्हतं. तर तो जिन्यात बसून स्वतःच्या लॅपटॉपवर शिकवायचा. बँकेचा दिवस रात्री कसा मिटवतात, व्याज कसं चढतं, तारीख पुढं कशी ढकलतात, हजार नावांतून एक नाव एका ओळीत कसं काढतात. सहा संध्याकाळी. सहाव्या संध्याकाळी मी स्वतः ओळी लिहिल्या आणि त्या चालल्या. जिन्यात उभा राहून ओरडलो साला. म्हणजे डोकं होतं. मग तीनशे दिवस ते डोकं खोकी वाहायला का वापरलं?

मशीनवर माझा राग नाही. न्हावा शेवा १९८९ ला सुरू झालं, कंटेनर आले, बापाच्या टोळीतली हाडं रिकामी झाली. ज्यांना क्रेन चालवायला शिकवलं ते तगले, बाकीचे नाक्यावर आले. बाप एवढंच म्हणायचा, आम्हाला वर चढूच दिलं नाही.

परवा खालच्या मजल्यावरचा पोरगा आला. यंदा कोपा पास. हातात फॉर्म. दादा, भरू का? म्हटलं, भर. पण सही करायच्या आधी कुठल्या महिन्यात काय शिकवणार ते लेखी माग. भरतीचं धोरण काय ते लेखी माग. अभ्यासक्रम छापून खिशात ठेव, डेटाबेसवर लाल खूण कर. रोज काय काम दिलं ते वहीत लिही, तारखेसकट. खोकी उचलायला लावली तर एकटा भांडू नकोस, सगळ्या शिकाऊ पोरांच्या सह्या घे, इंजिनिअरिंगवाल्यांच्याही माग, आणि विसाव्या कलमाखाली अप्रेंटिसशिप सल्लागाराकडे अर्ज टाक. अर्ज लिहायला मी येतो, रात्रपाळी नसली तर.

त्यानं पेन काढलं. फॉर्मच्या झेरॉक्सच्या पाठीवर कलमं लिहून घेतली : ३-अ, १६, १८, २०, २२. मग म्हणाला, अजून तिघं आहेत आमच्या बॅचचे, त्यांनाही घेऊन येऊ का रविवारी?