लहान पेटी, मोठें कार्ड

गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या हातांत एक नवें ग्राफिक्स कार्ड होतें. "सर, तुम्ही म्हटलं म्हणून घेतलं जी, पण पेटीच लहान निघाली," एवढेंच ते बोलले. पऱ्हाटीच्या पैशांतून तें कार्ड घेतलेलें होतें. मुलास संगणकावर इमारतींचीं चित्रें काढण्याचा नाद आहे हें पाहून "चांगलें कार्ड घेऊन द्या" असा सल्ला आम्हींच दिला होता. मात्र घरचा डेस्कटॉप केवढा आहे, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. त्या गृहस्थांनीं आम्हांस दोष दिला नाहीं, म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. आमच्यासारखी चूक दुसऱ्या कोणाकडून होऊं नये, या हेतूनें हा विषय विद्यार्थी व पालक यांजपुढें मांडीत आहों.

हल्ली आपल्या इकडे पुष्कळ घरीं जे डेस्कटॉप येतात, ते कचेऱ्यांतून निघालेले, टेबलाच्या कोपऱ्यांत मावणारे, लहान कॅबिनेटचे असतात. ते स्वस्त व आटोपशीर असून अभ्यासास पुरतात. त्यांस नांवें ठेवण्याचें कांहींएक कारण नाहीं. परंतु पत्रें व हिशेब लिहिण्यासाठीं बांधलेल्या त्या पेटींत बलाढ्य कार्ड बसवूं पाहणाऱ्यास तीन अडचणी येतात.

पहिली अडचण जागेची. साधारण कार्डाची उंची सुमारें ११ सें.मी. असते, पुष्कळ लहान पेट्यांत सुमारें ७ सें.मी. उंचीचें, ज्यास लो-प्रोफाइल म्हणतात, तेंच कार्ड मावतें. २०२२ सालीं निघालेलें आरटीएक्स ४०९० हें कार्ड तर ३० सें.मी. लांब, म्हणजे दप्तरांतील पट्टीएवढें आहे!

दुसरी अडचण विजेची. मदरबोर्डावरील स्लॉटमधून कार्डास फार तर ७५ वॅट मिळतात. अधिक हवे असल्यास एसएमपीएसमधून निराळी वायर आणावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते व आठ पिनांची १५०. वर सांगितलेलें कार्ड एकटेंच ४५० वॅट मागतें. आणि अशा लहान डेस्कटॉपचा सबंध एसएमपीएस पुष्कळदां ३०० वॅटांहूनही कमी असतो.

तिसरी अडचण उष्णतेची. कार्ड जेवढी वीज घेतें, तेवढी सर्व अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरांत जातो, हें का आम्हीं सांगावयास पाहिजे? पेटींत हवा खेळली नाहीं तर कार्ड आपला बचाव करण्यासाठीं स्वतःच आपला वेग उतरवितें. मग ज्या वेगासाठीं पैसे मोजले, तोच हातीं लागत नाहीं.

यावरून लहान पेटीच्या धन्यानें निराश व्हावें असें मुळींच नाहीं. २०१९ सालचें जीटीएक्स १६५० हें कार्ड ७५ वॅटांत व २०२४ सालचें आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचें, ७० वॅटांत चालतें; दोन्ही लो-प्रोफाइल आकारांत निघालेलीं आहेत. २०२४ सालींच एनव्हिडिया कंपनीनें लहान पेट्यांसाठीं मोठ्या कार्डांची मर्यादा ठरवून दिली : लांबी ३०४, उंची १५१ व जाडी ५० मि.मी. कार्डें करणाऱ्यांसही शेवटीं पट्टी हातीं घ्यावी लागली, हें ध्यानांत धरण्याजोगें आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांस यवतमाळ-मूर्तिजापूरची 'शकुंतला' आठवत असेल. तिच्या रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें इंजिन त्या मार्गावर १९९४ पर्यंत राबलें. मुंबईच्या मेलचें इंजिन त्याहून कितीतरी बलवान. पण त्या रुळांवर तें एक पाऊलही चाललें नसतें. रुळास साजेल असें इंजिन होतें, म्हणूनच त्यानें सत्तर वर्षें सेवा केली.

कित्येक पालक म्हणतात, "हें सारें खेळाचें खूळ; एक पैही देऊं नये." हें आम्हांस मान्य नाहीं. चित्रपट, वास्तुरचना, वैद्यकीय चित्रें व कृत्रिम बुद्धिमत्ता या सर्वांत आज हींच कार्डें राबत आहेत. उलट, "सर्वांत मोठें तेंच सर्वांत चांगलें" हें मुलांचें म्हणणेंही आम्हांस मान्य नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलानें कार्ड मागितलें असतां पालकांनीं त्याजकडून एक कागद मागावा. पेटी उघडून, पट्टीनें मोजून त्यानें त्यावर लांबी, उंची व जाडी लिहावी. एसएमपीएसवर छापलेले वॅट लिहावे. आणि खालीं, या कार्डावर आपण कोणतें काम करणार, हें एका वाक्यांत खरें खरें लिहावें. खेळावयाचें असेल तर तसेंही लिहावें. खोटें लिहूं नये. जो मुलगा वा मुलगी एवढें करील, त्याच्या मागणीचा पालकांनीं अवश्य विचार करावा.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा प्रभूचा दृष्टांत आम्ही वर्षानुवर्षें मुलांस शिकवीत आलों. पण स्वतः वेळेवर आचरला नाहीं. तें कार्ड अद्यापि खोक्यांतच आहे. मुलगा आतां मोठ्या कॅबिनेटसाठीं पैसे सांठवीत असून, त्यांत आम्हींही आपला वांटा घातला आहे. मात्र या वेळीं प्रथम मोजमाप झालें आहे.